उलटेकाकांची निलगिरी

उलटेकाकांनी विहीणबाईंच्या अंगावर मुद्दाम झाड पाडलं, ही बातमी झाड नीट जमिनीला टेकायच्या आत चौकात पोचली होती. दूधवाल्याकडे ती नुसतीच 'पाडलं म्हणे' अशी होती. न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत जाताना तिला 'मुद्दाम' चिकटलं, आणि भाजीवालीच्या टोपलीपाशी पोचली तेव्हा काकांनी बुंध्याजवळ उभं राहून "घ्या आता!" असं म्हटलेलं स्वतःच्या कानांनी ऐकणारी माणसंसुद्धा तयार झाली होती. त्यांतला एक तर त्या दिवशी परगावी होता. पण ऐकू त्यालाही आलं.

उलटेकाकांचा धंदा झाडं पाडण्याचा. घरावर झुकलेली, वाळलेली, आतून पोखरलेली झाडं. करवत काय, कोणीही ओढतो. या धंद्यात खरा प्रश्न एकच असतो, शेंडा कुठे टेकणार? तो ज्याला आधी सांगता येतो, त्यालाच लोक अंगणात पाऊल ठेवू देतात. काकांना तो सांगता यायचा, आणि ते तो ज्या पद्धतीने काढायचे त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं.

झाडाकडे पाठ करून ते चालू लागायचे. थोडं अंतर गेलं की थांबायचे, पाय फाकवायचे, कमरेत जमेल तेवढं वाकायचे आणि दोन पायांच्या मधून उलट्या डोक्याने मागच्या झाडाकडे बघायचे. शेंडा दिसला नाही तर उठून आणखी चार पावलं. पुन्हा तसंच. ज्या जागी शेंडा जेमतेम नजरेत आला, तिथे टाचेने मातीत रेघ ओढायची आणि म्हणायचं, "इथे टेकणार." आजूबाजूच्या खिडक्यांतून पोरीबाळी फिदीफिदी हसायच्या. एकदा एक नवी भाडेकरीण तर "हा माणूस माझ्या दाराकडे काय करून दाखवतोय?" म्हणून लाटणं घेऊन खाली उतरली होती. काका तसेच वाकलेल्या अवस्थेत तिला म्हणाले, "बाई, थोड्या बाजूला व्हा, तुमच्यामुळे शेंडा दिसत नाही."

कोणी विचारलं तर समजावून सांगायला त्यांना फार आवडायचं. "हे बघा, झाड उभं, जमीन आडवी आणि माझी नजर तिरकी. झाला की नाही त्रिकोण? मुळाशी काटकोन आहेच. आता माझी नजर जमिनीपासून बरोबर अर्धा काटकोन वर चढली, तर शेंड्याशी उरतो तोही अर्धाच. दोन कोन सारखे, म्हणजे दोन बाजू सारख्या. जेवढं झाड तेवढी जमीन. झाडावर न चढता झाड मोजलं!"

"पण नजर बरोबर अर्धाच काटकोन चढते कशावरून?"

"माझी चढते," काका म्हणायचे. विषय संपला.

आणि खरंच चढायची. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, तो लाकडाचा त्रिकोण डोळ्याला लावून झाडं मोजायचा. त्याने काकांच्या रेघा पाडलेल्या झाडांशी ताडून पाहिल्या आणि त्रिकोण पिशवीत टाकून दिला. तेव्हापासून काकांची रेघ म्हणजे रेघ. शेंडा तिच्यावर येऊन टेकायचा, जसा काही पाहुणा पाटावर बसतोय. काका याचा तोराही मिरवायचे. घरात मीठ कमी पडलं, घड्याळ मागे पडलं, की काकूंना ऐकवायचे, "माणसाने चुकू नये असं नाही. पण मी नाही बुवा चुकत." काकू कपाळाला हात लावायच्या.

आता विहीणबाई. त्या शिवणकाम करायच्या. बायकांचे, पुरुषांचे, सगळे कपडे. घराच्या मागे पत्र्याची शेड, त्यात कापायचं मोठं टेबल आणि दोन मशिनी. हाताला कात्री आणि जिभेलाही कात्री. काकांच्या लेकीचं त्यांच्या मुलाशी लग्न ठरलं तेव्हा काकांची विजार त्यांनीच शिवली. आणि लग्नात, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, व्याह्यांची विजार बेतली आणि आख्खा तागा संपला! नवऱ्या मुलाला उरलेल्या तुकड्यात बसवावं लागलं!"

पंगत हसली. दोन्हीकडची हसली. काकू हसल्या. लेकीनेसुद्धा तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते ते काकांना दिसले. काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. लोक म्हणाले, रुसले. लेकीच्या सासरी जाणंही कमी केलं. लोक म्हणाले, डूख धरला. तेव्हा वर्षभराने जे झालं, त्यावर लोकांना काही वेगळं सुचावं अशी अपेक्षाच चूक.

विहीणबाईंच्या अंगणात निलगिरी होती, सरळसोट, उंच, आणि उभीच्या उभी वाळलेली. ती एक दिवस घरावर येणार हे सगळ्यांना दिसत होतं. विहीणबाई कोणा दुसऱ्याला बोलावणार होत्या. लेकच मध्ये पडली. "दुसरा कशाला, आई? बाबा आहेत ना. त्यांचं माप कधी चुकत नाही. मी सांगते तुम्हाला." सुनेने पहिल्यांदाच एवढ्या ठामपणे काही सांगितलं, म्हणून विहीणबाईंनी ऐकलं.

काका आले. सोबत त्यांचा नेहमीचा जोडीदार, दोर धरणारा. वाळल्या झाडावर चढायचं नाही हा दोघांचा नियम, तेव्हा फांद्या उतरवायचा प्रश्न नव्हता. झाड आख्खंच आडवं करायचं. एका बाजूला घर, दुसरीकडे शेजाऱ्याची भिंत, तिसरीकडे रस्त्याच्या तारा. मोकळं होतं ते शेडच्या दिशेला. काका पाठ करून चालले, वाकले, उठले, पुन्हा चालले, वाकले. टाचेने रेघ ओढली. रेघ आणि शेड यांच्यामध्ये एक खाट आरामात मावली असती.

"शेडला धक्का नाही लागणार ना?" विहीणबाईंनी शेडमधूनच विचारलं. त्या टेबलाशी ब्लाऊज बेतत होत्या.

"माझी रेघ आहे," काका म्हणाले.

मध्ये सात-आठ महिने काकांच्या वाट्याला नुसती छाटणीची कामं आली होती. फांदी दोराने बांधायची आणि खाली सोडायची, तिला काय मोजायचं? बऱ्याच दिवसांनी पूर्ण झाड मिळालं म्हणून ते खुशीत होते. करवत चालली. बुंधा कुरकुरला. लेक दारात आली आणि म्हणाली, "आई, एवढं मोठं झाड पडतंय, बाहेर येऊन बघा तरी!" विहीणबाई कुरकुरतच बाहेर आल्या. हातात कात्री तशीच.

निलगिरी निघाली. आधी हळू, मग हळू नाही. काकांचे डोळे रेघेवर होते, नेहमीसारखे. आणि त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. झाड रेघ ओलांडून पलीकडे गेलं. थांबलंच नाही. पत्र्याचा असा आवाज झाला की गल्लीतली कुत्री भुंकायची विसरली.

धुरळा बसला तेव्हा शेडचं छप्पर मधोमध वाकून आत गेलं होतं. एक मशीन आडवं. कापायच्या टेबलाचे दोन तुकडे, आणि जिथे विहीणबाई क्षणापूर्वी उभ्या होत्या नेमक्या तिथे, अर्धवट बेतलेल्या ब्लाऊजवर, निलगिरीचा शेंडा.

कोणी ओरडलं नाही. विहीणबाईंनी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. त्या गल्लीला झाड पडल्याचा जेवढा धक्का बसला, तेवढाच याचाही बसला. त्या टेबलाकडे बघत होत्या, मग स्वतःच्या हातातल्या कात्रीकडे, मग परत टेबलाकडे. दोरवाला दोर सोडून मटकन खाली बसला. काका मात्र रेघेकडे बघत होते. शेडकडे नाही, विहीणबाईंकडे नाही. रेघेकडे.

"झाड वाढलं कसं?" ते पुटपुटले.

तेवढ्याने विहीणबाईंचा आवाज परत आला. "झाड वाढलं? झाड वाढलं म्हणतात हे! अहो, एक शब्द बोलले होते मी, एक! लग्नघरात बोलतात तसा! त्याच्यासाठी माणूस झाडाखाली घ्यायचा?"

"विहीणबाई, शपथेवर सांगतो..."

"शपथ नका घेऊ. तुमची शपथसुद्धा माझ्या अंगावर पडेल."

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. तिने फार हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुमचं माप आजपर्यंत कधी चुकलंय?"

"कधीच नाही," काका म्हणाले. सवयच ती. तोंडातून निघून गेलं, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मग आजच कसं चुकलं?" लेक म्हणाली. "मी शब्द दिला होता या घरात. आधी एकदा, एकदा तरी चुकला असतात, तर मी आज तुमच्या बाजूने भांडले असते. आता मी काय सांगू यांना?" आणि ती आत गेली. दार लागलं. कडीचा आवाज अंगणात स्पष्ट ऐकू आला.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. झाड पडलं तेव्हा नाही.

घरी आले तर काकूंपर्यंत बातमी आधीच आलेली. पाण्याचा तांब्या पुढे करत काकूंनी चाचरत विचारलं, "अहो, मनात काही नव्हतं ना तुमच्या?"

"तूसुद्धा?"

"तसं नाही हो. पण तुम्ही चुकत नाही ना."

जन्मभर मिरवलेला तोरा असा फिरून अंगावर येईल हे काकांना कुठे माहीत होतं. एखादा वेंधळा, विसरभोळा असता तर सगळ्यांनी 'चुकलं बिचाऱ्याचं' म्हणून चहा पाजला असता. पण न चुकणाऱ्या माणसाचं झाड चुकलं, तर त्याचा अर्थ एकच निघतो. गावाने तो काढला होता. लेकीनेही काढला होता. आणि सर्वांत वाईट म्हणजे, त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर काकांनी स्वतःही तोच काढला असता.

अंगण मोकळं करून द्यायचं काम अंगावर होतंच. दुसऱ्या दिवशी ते एकटे गेले. दोरवाल्याला ताप भरला होता, निदान तो तसं म्हणाला. लेकीच्या खोलीची खिडकी बंद. विहीणबाईंनी उरलेलं मशीन मागच्या व्हरांड्यात आणून मांडलं होतं आणि त्या पाठ करून शिवत होत्या. मशीन इतक्या रागाने चालत होतं की दोनदा दोरा तुटला.

काकांनी फांद्या तोडल्या, ओंडके पाडले. पण हात कामावर आणि डोकं रेघेवर. शेवटी राहवेना. करवत ठेवली, घराकडे पाठ केली आणि चालू लागले. थांबले, पाय फाकवले, वाकले आणि पायांच्या मधून दुमजली घराच्या गच्चीच्या कठड्याकडे बघू लागले.

"काय हो!" मशीन थांबलं. "शेड झाली, आता घर पाडायचंय वाटतं?"

"मोजतोय," काका उलट्या तोंडाने म्हणाले. "माझं काय चुकलं ते मला कळायला हवं. तुम्ही मला काय हवं ते म्हणा, पण तेवढं कळू द्या."

त्या आवाजात असं काही होतं की विहीणबाई पुढचं बोलायच्या थांबल्या. तेवढ्यात काकांची विजार कमरेवरून सरकली. त्यांनी एका हाताने ती गपकन धरली आणि तसेच वाकून राहिले.

विहीणबाईंची नजर कपड्यावर गेली, ती काही केल्या हटेना. तो त्यांच्या हातचा कपडा होता. लग्नातलीच विजार. ती सुतळीने बांधलेली, पुढे चुण्यांचा हा ढीग.

"व्याही," त्या म्हणाल्या, "ही मी शिवलेली ना?"

"हो."

"मग तुम्ही कुठे गेलात?"

"म्हणजे?"

"पोट! पोट कुठे गेलं तुमचं?"

काका उठायला लागले. "उठू नका!" विहीणबाई ओरडल्या. "तसेच राहा! वाकलेलेच!" त्या जवळ आल्या आणि बेतायला घेतलेलं कापड निरखावं तसं काकांना चारी बाजूंनी निरखू लागल्या. "लग्नात तुमच्या बुटाची नाडी सुटली होती. माझ्या मुलाने बांधली. का? तुम्हाला वाकताच येत नव्हतं. आणि आता तुमचं डोकं गुडघ्याच्याही खाली आलंय!"

काकांच्या डोक्यात रक्त उतरलं होतं, आणि आणखीही काहीतरी उतरत होतं.

विहीणबाईंनी कापडाचा एक चौकोनी तुकडा उचलला, कोपऱ्याला कोपरा लावून तिरका दुमडला. "उरेब, म्हणजे तिरकं, कापताना आम्ही असं दुमडतो. ही घडी म्हणजे तुमचा तो अर्धा काटकोन. बरोबर?" तो तुकडा त्यांनी काकांच्या कानाशी धरला, खालची कड जमिनीला समांतर ठेवून. "आता तुम्ही कठड्याकडे बघताय ना? तुमची नजर माझ्या घडीवरून जायला हवी. ती चाललीय कितीतरी वरून!"

"असं कसं होईल?"

"मला काय विचारता? थांबा तिथेच."

त्या गच्चीवर गेल्या. रिळाच्या दोऱ्याला कात्री बांधून त्यांनी कठड्यावरून खाली सोडली, कात्री मातीला टेकली तसा वर कठड्याशी दोरा तोडला. खाली येऊन तो दोरा भिंतीपासून काकांच्या दिशेने जमिनीवर पसरत आल्या. काकांच्या टाचांपाशी आल्या, तरी दोरा उरलाच होता. त्या पुढे गेल्या. आणखी पुढे. दोरा संपला तो काकांच्या पुढे, पार तुळशीच्या कुंडीपाशी.

काका सरळ झाले आणि त्या उरलेल्या दोऱ्याकडे बघत राहिले. तोंड उघडं. ते उभे होते ती जागा दोऱ्याच्या टोकाच्या कितीतरी अलीकडे होती. म्हणजे निलगिरी वाढली नव्हती. त्यांचाच कोन बदलला होता, आणि ज्या शरीरात तो मुक्कामाला होता त्या शरीराने त्यांना कळवलंसुद्धा नव्हतं.

"अजून खात्री नाही," विहीणबाई म्हणाल्या. त्या कापडाच्या चिंध्यांची गोणी घेऊन आल्या. चिंध्या काकांच्या विजारीत कोंबू लागल्या, वरून चादर गुंडाळली, टेप लावला, मान हलवली, आणखी चिंध्या कोंबल्या. "तुमचा घेर मी जन्मात विसरणार नाही. बास. झालात पूर्वीचे. आता वाका!"

काका वाकले. पोट आडवं आलं. नेहमीच्या, जुन्या, ओळखीच्या जागी येऊन थांबले. कठडा दिसेना. चार पावलं पुढे गेले. दिसेना. आणखी गेले. वाकले. कठड्याची कड जेमतेम नजरेत आली. त्यांनी टाचेने रेघ ओढली आणि बाजूला झाले.

रेघ दोऱ्याच्या टोकावर होती.

मग विहीणबाईंनी हळूच विचारलं, "पोट कशाने गेलं, व्याही? आजारी होता?"

"नाही. रात्रीचं जेवण सोडलं."

"कधीपासून?"

"लग्नाच्या पंगतीपासून," काका म्हणाले. विहीणबाई तिथेच, निलगिरीच्या ओंडक्यावर, धपकन बसल्या. हात छातीवर. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या डोक्यावर हे झाड... मीच..." आणि दुसऱ्यांदा त्यांना शब्द सापडेना.

बंद खिडकी कधी उघडली होती कोण जाणे. लेक मागच्या दारातून बाहेर आली. चिंध्यांचं पोट लावलेल्या बापासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसू दाबत होते, पण तिला जे ऐकायचं होतं ते अजून कोणी म्हटलं नव्हतं.

"बाबा, म्हणजे तुम्ही खरंच चुकलात?"

काकांनी तोंड उघडलं. तो शब्द जिभेला नवा होता. मग एकदाचा निघाला.

"चुकलो गं," ते म्हणाले. "अगदी शंभर टक्के चुकलो. पार शेड फोडेपर्यंत चुकलो!"

आणि ते इतक्या आनंदाने म्हणाले की शेजारीण गच्चीवरून वाकून बघायला लागली. लेकीने बापाला मिठी मारली. चिंध्या सगळ्या अंगणभर झाल्या.

चौकात अजूनही जुनीच बातमी चालते, कारण ती जास्त चांगली आहे. खरं एवढंच आहे. झाड काकांनीच पाडलं, पण मुद्दाम पाडलं नाही. विहीणबाई पोटाला हसल्या, म्हणून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. पोट उतरलं, म्हणून ते पूर्वीपेक्षा जास्त वाकले. जास्त वाकले, म्हणून शेंडा जवळूनच दिसला आणि रेघ अलीकडे पडली.